नट-बोल्टाची कुळकथा

बोल्ट ही वस्तू तशी कुणाच्या खिजगणतीत नसते. ट्रकची गोष्ट निघाली की माणसे इंजिनाविषयी बोलतात, टायरविषयी बोलतात, डिझेल किती खाते ते विचारतात. बोल्टाविषयी कुणी विचारीत नाही. पण जरा विचार केला तर ध्यानात येईल, की गाडी म्हणजे अखेर बोल्टांनी बांधलेली एक मोटच आहे. बैलगाडीला जशी कुणी, तसा ट्रकला बोल्ट. कुणी निसटली की चाक निसटते, मग बैल किती का खिलारी असेनात.

नांदेड आणि लातूर या दोन्ही बाजारपेठांच्या गावांत जुना ट्रक बाळगणाऱ्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. गाडीचा मोठा भाग जुन्या बाजारात कुठे ना कुठे मिळून जातो, अडते ते बोल्टापाशी. तो दुकानात जातो आणि म्हणतो, "अर्धा इंची बोल्ट द्या." दुकानदार बोल्ट देत नाही, उलट विचारतो, "कोणत्या गाडीचा, भाऊ? आन् आटे कंचे?" गिऱ्हाइकाला वाटते, अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, त्यात गाडी कशाला विचारायची? परंतु दुकानदाराचा प्रश्न अगदी रास्त असतो. त्या प्रश्नात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास दडलेला आहे. तोच इतिहास आज थोडक्यात पाहू.

आधी आटे म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडचे मिस्त्री त्यांना 'चुडी' असेही म्हणतात. शिक्षकांनी वर्गात एक साधा प्रयोग करून दाखवावा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा आणि त्याची उभी कड पेन्सिलीला टेकवून तो कागद पेन्सिलीभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर वळसे घेत वर चढताना दिसेल. बोल्टावरचा आटा तो हाच. आटा म्हणजे गोल सळईवर चढवलेला उतार. चढण सावकाश असेल तर आटे बारीक आणि जवळजवळ येतात, चढण खडी असेल तर ते जाड आणि दूरदूर येतात. म्हणून एका बोल्टाची ओळख पटवायला एक माप पुरत नाही. त्याची जाडी किती, एका इंचात आटे किती, आणि आट्याची खाच किती अंशांच्या कोनात कापली आहे, ही तीन मापे लागतात. जाडी आपल्या लोकांना चांगली कळते. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. त्या हिशेबाने तीन सुती बोल्ट, चार सुती बोल्ट असे शब्द खेड्यापाड्यांतून रूढ आहेत. बाकीची दोन मापे मात्र डोळ्यांना सहज दिसत नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

दोनशे वर्षांपूर्वी हा घोटाळा याहून मोठा होता. त्या काळी प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडी. एका बोल्टाचा नट दुसऱ्या बोल्टाला बसेल याची खात्री नसे. यंत्र खोलले की कोणता नट कोणत्या बोल्टाचा, याची खूण करून ठेवावी लागे. लंडनमधला हेन्री मॉडस्ले नावाचा एक कसबी कारागीर इसवी सन १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ वापरू लागला. त्याच्याच यंत्रशाळेत काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ पुढे मँचेस्टरला गेला आणि त्याने हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आपले माप लोकांवर लादण्याऐवजी त्याने इंग्लंडातल्या अनेक यंत्रशाळांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले, आणि त्या सगळ्यांचा मध्य काढला. १८४१ साली त्याने आपली पद्धत इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. आट्याचा कोन ५५ अंशांचा, आट्याचे माथे आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे ते ठरलेले. अर्ध्या इंचाला १२ आटे, तीन सुताला १६ आटे, याप्रमाणे. हीच 'व्हिटवर्थ' पद्धत. रेल्वेच्या कारखान्यांनी ती उचलली आणि इंग्रजी यंत्रांबरोबर ती साऱ्या साम्राज्यात पसरली.

अमेरिकेने मात्र ती पुरती स्वीकारली नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली सांगितले की ५५ अंशांचा कोन आणि गोल माथे साध्या कारागिराला अचूक साधत नाहीत. त्यापेक्षा ६० अंशांचा कोन घ्यावा आणि माथे सपाट ठेवावेत. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो, तो काढायला आणि तपासायला सोपा. म्हणणे बरोबर होते. परंतु परिणाम असा झाला, की इंग्रजी बोलणारे दोन देश दोन वेगळ्या आट्यांचे झाले. अमेरिकन अर्धा इंची जाड आट्याच्या बोल्टाला इंचात १३ आटे, इंग्रजी बोल्टाला १२. पुढे १८९८ साली झुरिक येथे परिषद भरून युरोपातील देशांनी मिलिमीटरचे आटे ठरवले. कोन ६० अंशांचा, पण जाडी आणि अंतर दोन्ही मिलिमीटरांत. म्हणजे आता घराणी तीन झाली.

शिवाय प्रत्येक घराण्यात पोटशाखा आल्या. हादरे बसणाऱ्या यंत्रात जाड आट्याचा नट लवकर सुटतो, म्हणून मोटारींसाठी बारीक आटे निघाले. इंग्रजी बारीक आट्यात अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचात १६ आटे, तर अमेरिकन बारीक आट्यात २०. एकट्या अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचात १२, १३, १६ आणि २० असे चार प्रकार झाले! आता दुकानदाराचा प्रश्न किती रास्त होता ते कळेल.

आटे न जुळल्याने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घडले. फेब्रुवारी १९०४ मध्ये तिथे मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून आगीचे बंब मदतीला धावून आले. माणसे होती, बंब होते, पाणीही होते. पण कित्येक बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या नळांना बसेनात. सुमारे दीड हजार इमारती त्या आगीत गेल्या. मदतीला आलेल्या माणसांना कित्येक ठिकाणी नळ्या हातात धरून नुसते पाहत उभे राहावे लागले. माप न जुळण्याची एवढी किंमत मोजावी लागू शकते.

आपल्या मराठवाड्याला न जुळणाऱ्या मापांची ओळख काही नवी नव्हती. लातूरला आगगाडी आली ती १९११ साली, बार्शी लाइट रेल्वेची. तिच्या दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. कुर्डुवाडीला मोठ्या रुळांची लाइन. लातूरच्या पेठेतला माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि मोठ्या डब्यात पुन्हा भरायचा. नांदेडची लाइन गोदावरी खोऱ्याची, ती मीटर गेज. तिचा माल मनमाडला उतरायचा. पोते तेच, पण हमाली दोनदा. पैशाचीही तीच गत. निजामी राज्यात हाली सिक्का चाले, बाहेर कलदार. सात हाली रुपयांचे साधारण सहा कलदार होत. व्यापाऱ्याला प्रत्येक सौद्यात हा हिशेब करावा लागे. रूळ, नाणी आणि मापे यांची सरहद्द अशी माणसाच्या रोजच्या व्यवहारातून जात होती.

त्यात मोटारी आल्या. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी आपले रस्ते वाहतूक खाते सुरू केले. त्यात स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या अल्बियन गाड्या होत्या, म्हणजे आटे इंग्रजी. मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढून शेव्हरोले गाड्या जोडायला सुरुवात केली होती, त्यांचे आटे अमेरिकन. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराचे फोर्ड आणि शेव्हरोले ट्रक 'डिस्पोजल'मध्ये विकले गेले आणि देशभर मालवाहतुकीला लागले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज आणि फार्गो ट्रक आणले, तेही अमेरिकन घराण्याचे. मद्रासकडे अशोक मोटर्सने इंग्लंडच्या लेलँड कंपनीशी संबंध जोडला आणि १९५५ साली 'अशोक लेलँड' हे नाव घेतले. आणि १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले, त्यांचे आटे मिलिमीटरचे.

अशा रीतीने तीन घराणी आपल्या रस्त्यांवर एकत्र नांदू लागली. त्या काळच्या गॅरेजची कल्पना करा. एका झाडाखाली डॉज उभा, दुसरीकडे लेलँड, तिसरीकडे टाटा-मर्सिडीज. मिस्त्रीजवळ पान्यांचे तीन संच हवेत. आणि पान्यांवरचे आकडेही एका रीतीचे नसत. मिलिमीटरचा किंवा अमेरिकन पाना घेतला तर त्यावरचा आकडा नटाच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर सांगतो. १७ चा पाना दहा मिलिमीटरच्या बोल्टाला आणि १९ चा पाना बारा मिलिमीटरच्या बोल्टाला, हे आपल्या पोरांना तोंडपाठ असते. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा मात्र बोल्टाची जाडी सांगतो. अर्धा इंच लिहिलेला व्हिटवर्थ पाना हातात घेतला तर त्याचे तोंड पाऊण इंचाहूनही मोठे निघते. नवख्याची फजिती व्हायची ती इथेच.

याहून गमतीची गोष्ट इंग्लंडातल्या मॉरिस मोटारीची. मॉरिस कंपनीने १९२३ साली कॉव्हेंट्रीचा एक इंजिन कारखाना विकत घेतला. तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, म्हणून त्याची यंत्रे मिलिमीटरचे आटे पाडणारी. पण इंग्लंडातल्या मिस्त्रींजवळ पाने व्हिटवर्थचे. म्हणून कंपनीने आटे मिलिमीटरचे ठेवले आणि बोल्टाचे डोके व्हिटवर्थच्या मापाचे केले. पाना बरोबर बसायचा, नट बसायचा नाही! डोक्याला पाना बसला म्हणजे बोल्ट योग्य, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

महायुद्धाने मोठ्या राष्ट्रांचेही डोळे उघडले. इंग्रज आणि अमेरिकन फौजा खांद्याला खांदा लावून लढत होत्या, पण एकाच्या रणगाड्याचा बोल्ट दुसऱ्याला चालत नव्हता. म्हणून १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी करार केला आणि 'युनिफाइड' आटे ठरवले. कोन ६० अंशांचा घेतला. म्हणजे सेलर्सचे म्हणणे ब्रिटनने चौऱ्याऐंशी वर्षांनी मान्य केले. या कराराच्या दोनच महिने आधी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला होता.

स्वतंत्र भारतानेही मापांची निरवानिरव सुरू केली. भारतीय मानक संस्था १९४७ सालीच निघाली होती, पुढे १९८७ मध्ये तिचेच भारतीय मानक ब्यूरो झाले. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो-मीटर टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले. शेर-मणाच्या जागी किलो आला तसा कारखान्यांतून इंचाच्या जागी मिलिमीटर आला. ब्रिटननेही १९६५ साली मेट्रिकची वाट धरली. पण कायदा बदलला म्हणून रस्त्यावरची गाडी बदलत नाही. ट्रक वीस-तीस वर्षे चालतो, त्याचा सांगाडा पुढे पाण्याच्या टँकरला लागतो, आणि त्याचे बोल्ट जुन्या बाजाराच्या डब्यात पडून राहतात. म्हणून आजही त्या डब्यात तिन्ही घराणी एकत्र सापडतात.

आता प्रत्यक्ष व्यवहाराचे बोलू. जुन्या गाडीला बोल्ट घ्यायचा तर पहिला नियम असा, की नुसते तोंडी माप सांगू नये, जुना बोल्ट नटासकट सोबत न्यावा. गाडी कोणत्या घराण्याची तेही सांगावे. मात्र त्यावर सर्वस्वी भरवसा ठेवू नये, कारण चाळीस वर्षांत त्या गाडीला किती हात लागले असतील याचा नेम नाही. आटे मोजायची सोपी रीत अशी. बोल्टाला जरा काजळी लावून तो कोऱ्या कागदावर दाबावा. कागदावर आट्यांच्या रेघा उठतील. पट्टी ठेवून एका इंचात किती रेघा ते मोजावे. दुकानात आट्यांचे गेज असते, तेही लावून पाहावे. गेजाचे दाते आट्यात बसल्यावर मधून उजेड दिसू नये.

दुसरा नियम असा, की योग्य नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. दोन-तीन आटे सरळ जाऊन मग नट अडला, तर पान्याने जोर करू नये. अडणे हीच खूण आहे. व्हिटवर्थ आणि अमेरिकन अर्धा इंची जाड आट्यांत दर इंचाला एका आट्याचा फरक आहे, म्हणजे अर्ध्या इंच उंचीच्या नटात तो अर्ध्या आट्याचा होतो. जोर केला की आटे मरतात. बारा मिलिमीटरचा बोल्ट आणि अर्धा इंची नट यांची जोडीही अशीच फसवी. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. नट चढतो, पण ढिला. सगळ्यांत फसवी जोडी तीन सुताची. व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाड आटे दोन्हींत इंचाला १६. नट खुशाल चढतो. पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, म्हणून आटा आट्याला पुरता टेकत नाही. पत्र्याच्या मडगार्डाला हे चालून जाईल. ब्रेकच्या, स्टिअरिंगच्या किंवा चाकाच्या बोल्टाला हे कदापि चालणार नाही.

तिसरा नियम बळाचा. सारख्या दिसणाऱ्या दोन बोल्टांचे पोलाद सारखे नसते. मेट्रिक बोल्टाच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की दर चौरस मिलिमीटरला बोल्ट किती न्यूटन ताण सोसून मग तुटेल ते कळते. बारा मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट सरळ ओढला तर तुटायला पावणेसात टनांच्या वर भार लागतो, ४.६ चा त्याच्या निम्म्यातच तुटतो. अमेरिकन बोल्टाच्या डोक्यावर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे साधारण ८.८ च्या तोडीचा, सहा रेघा म्हणजे साधारण १०.९ च्या तोडीचा. डोके कोरे असेल तर तो बोल्ट बलवान समजू नये.

पुष्कळदा आटे जुळत नाहीत म्हणून लोक लेथवाल्याकडून बोल्ट करून घेतात. लेथवाल्याचा हात सफाईदार असतो, बोल्ट सुबक निघतो. परंतु तो साध्या सळईचा असेल तर कमानपाट्याच्या यू-बोल्टाला, प्रोपेलर शाफ्टला किंवा चाकाला लावणे म्हणजे दाव्याऐवजी सुतळीने बैल बांधण्यासारखे आहे. ताण बसून एकदा लांबलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. नवा यू-बोल्ट बसवल्यावर थोडे अंतर चालवून तो पुन्हा आवळावा. बलवान बोल्ट गॅसने लाल केला की त्याचा पाणी उतरतो, मग डोक्यावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ जुन्या इंग्रजी आणि अमेरिकन ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. चाकाच्या फिरण्याने ते सुटू नयेत म्हणून ही योजना. ज्याला ठाऊक नाही तो सोडायला जातो आणि उलट आवळतो. अखेरीस पान्याला पाइप लावतो आणि स्टड मोडतो. म्हणून जुन्या गाडीचे चाक खोलण्याआधी स्टडच्या तोंडावर कसली खूण आहे का आणि आटे कोणत्या बाजूला चढतात, हे पाहावे.

हे सगळे सांगायचे कारण असे, की माप जुळणे ही केवळ मिस्त्रीच्या सोयीची बाब नाही. लातूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने लातूर शहराचे पाणी आटले, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा टँकरांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ती गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर थेट लातूरपर्यंत येऊ शकली, कारण मिरज-कुर्डुवाडी-लातूर ही जुनी अडीच फुटी लाइन तोवर मोठ्या रुळांची झाली होती. रूळ पूर्वीचेच असते तर राजस्थानातून आलेल्या त्या मोठ्या टँकरांना लातूरची वाट बंद होती. बाल्टिमोरला बंब आले, पण आटे जुळले नाहीत. लातूरला माप जुळले आणि पाणी पोचले.

व्हिटवर्थने गावोगावचे बोल्ट गोळा करून मोजले, तेव्हा कुठे एक माप निघाले. शिक्षकांनी आपल्या शाळेतल्या मुलांकडून हेच काम करून घेता येईल. गावातल्या गॅरेजमधून, ट्रॅक्टरवाल्याकडून, पिठाच्या गिरणीतून टाकाऊ बोल्ट आणवावेत. मुलांनी त्यांची जाडी मोजावी, आटे मोजावेत, डोक्यावरच्या खुणा टिपून घ्याव्यात आणि घराण्याप्रमाणे तीन डबे लावावेत. एका तासात गणित होईल, इतिहास होईल, आणि पुढे त्यातलाच एखादा मुलगा ट्रकच्या चाकाशी बसेल तेव्हा नट अडल्यावर जोर न करता थांबेल आणि आधी आटे मोजील.